विज्ञान महाविद्यालय, कलकत्ता विद्यापीठ

कलकत्ता विद्यापीठाने पदव्युत्तर अध्यापन व संशोधन यांसाठी स्वतः उभारलेले महाविद्यालय. मुख्य वास्तू राजाबाजार भागात, पूर्वीच्या अप्पर सर्क्युलर रोडवर (आताचा आचार्य प्रफुल्लचंद्र मार्ग). जीवशास्त्रांचे विभाग बालीगंजला. जानेवारी १८५७ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ, त्याच वर्षीच्या मुंबई व मद्रास विद्यापीठांप्रमाणे, लंडनच्या धर्तीवर केवळ परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे होते. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांकडे असे. प्रयोगशाळा असलेले विद्यापीठ हे रूप त्याला येथून मिळाले.

स्थापनेचे वर्ष निरनिराळे दिले जाते. महाविद्यालयाचे पहिले मोठे दाते तारकनाथ पालित यांचे दान १९१२ चे, कोनशिला २७ मार्च १९१४ ची, तर पदव्युत्तर वर्ग १९१६ च्या सुमाराचे. कोनशिलेचे वर्ष धरणे सोयीचे.

उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार व्हाइसरॉय कर्झन यांच्या काळातील १९०४ चा विद्यापीठ कायदा हे मूळ कारण होय. या कायद्याने विद्यापीठांना प्राध्यापक नेमण्याची व प्रयोगशाळा चालवण्याची मुभा दिली आणि कुलगुरू आशुतोष मुखर्जी (१९०६–१४) यांनी तिचा पुरेपूर लाभ घेतला. दुसरे मत स्वदेशी चळवळीकडे बोट दाखवते. ज्या जागेवर हे महाविद्यालय उभे राहिले, तेथेच पालितांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. दुसरे मोठे दाते रासबिहारी घोष हे तर याच चळवळीतून निघालेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेचे पहिले अध्यक्ष. दोघेही वकील. पालितांनी जमीन व पैसा मिळून सुमारे १५ लाख रुपये दिले, घोष यांनी १९१३ मध्ये १० लाख. दानातून निर्माण होणारी अध्यासने (दात्याच्या नावाची प्राध्यापकपदे) भारतीयांनाच मिळावीत, अशी पालितांची अट होती. कायद्यातील मुभा मुंबई-मद्रासलाही होती. परंतु हा पैसा आणि ही अट तेथे नव्हती. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मुखर्जींचे श्रेय त्याने उणावत नाही. ज्या विद्यापीठाला चळवळीने सरकारी म्हणून दूर लोटले होते, त्याच्याच पदरात चळवळीतल्या दात्यांनी आपले धन घालावे, एवढा विश्वास त्यांनी मिळवला.

प्रफुल्लचंद्र राय १९१६ मध्ये रसायनशास्त्राचे पालित प्राध्यापक झाले. साठी उलटल्यावर त्यांनी आपला पगार विद्यापीठालाच देऊन टाकला. महाविद्यालयाच्याच इमारतीतील एका खोलीत ते राहत. तेथेच १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. चं. वें. रामन यांनी वित्तखात्यातील नोकरी सोडून १९१७ मध्ये भौतिकीचे पालित अध्यासन स्वीकारले. मात्र १९२८ चा रामन परिणाम राजाबाजारच्या प्रयोगशाळेत सापडला असे लिहिणे चूक आहे. ते प्रयोग बहूबाजार रस्त्यावरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या वेगळ्या संस्थेत झाले. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस हे येथील तरुण व्याख्याते. सापेक्षतेवरील मूळ जर्मन निबंधांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद विद्यापीठाने १९२० मध्ये छापला.

पदव्युत्तर अध्यापन विद्यापीठाच्या हाती एकवटण्याची सुधारणा १९१७ ची. पाठोपाठ कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी आलेल्या सॅडलर आयोगाच्या (१९१७–१९) शिफारशी खुद्द कलकत्त्यात फारशा अमलात आल्या नाहीत. त्यांची छाप १९२१ च्या ढाका विद्यापीठावर अधिक दिसते.

पुढे येथील विभागांतून स्वतंत्र संस्था वाढल्या. शिशिरकुमार मित्र यांच्या प्रयत्नांतून रेडिओ भौतिकी व इलेक्ट्रॉनिकीची संस्था उभी राहिली. साहांच्या अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये इरेन झोलियो-क्यूरी यांच्या हस्ते झाले. पुढे तिला साहांचेच नाव मिळाले.

वनस्पतिशास्त्राचे घोष अध्यासन मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्याकडे होते. अध्ययनासाठी १९१४ मध्ये ते जर्मनीला गेले आणि पहिले महायुद्ध सुरू होताच तेथेच स्थानबद्ध झाले. बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतल्यावर त्यांनी हा विभाग घडवला. निवृत्तीनंतर १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, म्हणजेच महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी, स्थापन झाली. तिचे संस्थापक-संचालक तेच. बहूबाजारच्या संस्थेचा ठसा या इंग्रजी नावावर उघड आहे. याच संस्थेची प्रयोगशाळा १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.