कपिलची पाठ

कपिल देवचे दोन आकडे क्रिकेटवेड्यांना तोंडपाठ असतात: ४३४ बळी आणि ५,२४८ धावा. कसोटीत ४०० बळी आणि ५,००० धावा हे दोन्ही टप्पे गाठणारा तो आजवरचा एकटाच. मला मात्र तिसरा आकडा या दोन्हींहून मोठा वाटतो, आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तो आहे २७,७४०. इतके चेंडू त्याने कसोटी क्रिकेटमध्ये टाकले. एकदिवसीय सामन्यांतले ११,२०२ मिळवले की बेरीज ३८,९४२ होते. रणजीतले, दौऱ्यांवरच्या सामन्यांतले आणि नेटमधले चेंडू वेगळेच.

१९७८च्या ऑक्टोबरमध्ये फैसलाबादला पदार्पण आणि १९९४च्या मार्चमध्ये हॅमिल्टनला शेवटची कसोटी. एकूण १३१ कसोट्या. मधली एकच हुकली, ती १९८४च्या अखेरीस सुरू झालेली कोलकात्याची, आणि तीसुद्धा आधीच्या दिल्ली कसोटीतल्या बेजबाबदार फटक्यामुळे निवड समितीने वगळले म्हणून. दुखापतीपायी त्याची एकही कसोटी गेली नाही. वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत हे किती नवलाचे आहे ते कळायला त्याचा पुढचा पाय क्रीझमध्ये टेकतो तो क्षण पाहायला हवा.

धावत आलेला गोलंदाज उडी घेतो, मागचा पाय टेकतो आणि मग पुढचा पाय जवळजवळ खांबासारखा रोवतो. धावण्यातून मिळालेला वेग इथे अडवला जातो आणि धड, खांदा, हात या क्रमाने वर सरकत चेंडूत उतरतो. पाय टेकल्यानंतर शतांश सेकंदांच्या हिशेबात जमिनीचा उलटा धक्का शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच ते सहा पटींवर पोचतो. ८० किलो वजनाच्या गोलंदाजासाठी हा भार ४०० किलोंच्या वर जातो, तोही एका पायावर. गुडघा जितका ताठ, तितका चेंडूला वेग जास्त आणि तितकाच धक्काही जास्त. म्हणजे गोलंदाज ज्यातून वेग मिळवतो, त्यातूनच त्याचे शरीर झिजते.

हा धक्का घोटा, नडगी, गुडघा, कंबर असा वर चढत असताना पाठ सरळ नसते. ती मागे कललेली, बाजूला वाकलेली आणि पिळवटलेली अशी एकाच वेळी तिन्ही असते. कंबरेच्या सर्वांत खालच्या दोन-तीन मणक्यांच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो. सारा ताण तिथे एकवटतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला तो बहुधा डाव्या बाजूला जाणवतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलेली तार जशी अखेर तुटते, तसा या पुलाला सूक्ष्म तडा जातो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. त्यासाठी कुठे पडावे-आपटावे लागत नाही. नेहमीची गोलंदाजीच पुरेशी असते.

ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याची पाठ १९७३ मध्ये अशीच गेली. इंग्लंडचा अष्टपैलू इयन बोथम याच्या पाठीवर १९८८ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. इम्रान खानच्या नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर झाले, आणि १९८३च्या विश्वचषकात तो एकही चेंडू न टाकता केवळ फलंदाज म्हणून खेळला. त्याच स्पर्धेत कपिल नेतृत्व करत होता, नवा चेंडू हाताळत होता, फलंदाजी करत होता आणि अंतिम सामन्यात मागे धावत जाऊन व्हिव्ह रिचर्ड्सचा झेलही घेत होता. अलीकडच्या काळात हार्दिक पांड्या आणि जसप्रीत बुमरा दोघांनाही पाठीच्या दुखण्याने दीर्घकाळ बाहेर बसवले.

मग कपिलच कसा वाचला?

एक उत्तर त्याच्या शैलीत सापडते. त्याचा डावा खांदा फलंदाजाकडे रोखलेला असे आणि नजर डाव्या हाताच्या आडून येई. खांदे आणि कंबर एका दिशेत राहत. पर्थच्या विद्यापीठात ब्रूस एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण गोलंदाजांचा अभ्यास केला, तेव्हा सर्वांत घातक ठरली ती मिश्र शैली. तिच्यात कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे असतात आणि पाठीचा पीळ वाढतो. पुढच्या संशोधनाने बाजूला वाकण्याकडेही बोट दाखवले आहे. कपिलची शैली दोन्ही निकषांवर बरीच उतरते असे मला वाटते.

दुसरे उत्तर हाडात आहे. हाड जिवंत असते. भार पडला की शरीर त्यातला दुखावलेला भाग आधी कोरून काढते आणि मग तिथे नवे हाड रचते. रचायला कोरण्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो, त्यामुळे मधले काही आठवडे ती जागा आधीपेक्षा कमकुवत असते. ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत एकाच सामन्यात ५० हून अधिक षटके टाकणाऱ्यांना लगेच नव्हे, तर पुढच्या तीनेक आठवड्यांत दुखापती अधिक झाल्याचे दिसले. धोका असतो तो भार अचानक चढण्यात. सतत, ठरावीक मापाने गोलंदाजी करणाऱ्याचे हाड मात्र घट्ट होत जाते. मुरलेल्या वेगवान गोलंदाजांच्या मणक्यांत ताणाच्या बाजूचे हाड दुसऱ्या बाजूपेक्षा दाट आढळते. कपिल वर्षभर टाकत असे, फारसा खंड न पडता.

अर्थात एका माणसावरून नियम काढता येत नाही. त्याच वेळापत्रकात दुसरा कोणी मोडून पडलाही असता. हाडांची जन्मजात ठेवण प्रत्येकाची वेगळी. आणि कपिलचे शरीर पोलादाचे नव्हते. १९८४ मध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि क्रीझमधली ती देखणी उडी पूर्वीइतकी उरली नाही.

तिसरे उत्तर हवेत आहे, आणि मला ते सर्वांत आवडते. वेस्ट इंडिजच्या मायकेल होल्डिंग किंवा माल्कम मार्शलसारखा तुफानी वेग कपिलकडे नव्हता. त्याचे हत्यार आउटस्विंग, म्हणजे हवेतच फलंदाजापासून बाहेर स्लिपकडे वळणारा चेंडू, आणि त्याला तो वेग लागतच नाही.

शिवण स्लिपकडे किंचित वळवून चेंडू सोडला की त्याला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर दोन बाजूंनी दोन तऱ्हांनी वागतो. गुळगुळीत बाजूला तो संथ राहतो आणि चेंडूपासून लवकर सुटतो. शिवणीच्या बाजूला टाक्यांना अडखळून तो खळबळतो, आणि खळबळलेला थर चेंडूला अधिक वेळ धरून ठेवतो. त्यामुळे चेंडूमागची हवा लेगच्या बाजूला ढकलली जाते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने चेंडू स्लिपकडे जातो. नासात वायुगतिशास्त्रावर काम केलेल्या रवींद्र मेहता यांनी वाऱ्याच्या बोगद्यात हे मोजले. नवा चेंडू सर्वाधिक वळतो तो ताशी ११० ते १३० किलोमीटरच्या आसपास. वेग फार वाढला की गुळगुळीत बाजूचा थरही खळबळतो आणि फरक मिटतो.

फलंदाज म्हणतात, चेंडू अगदी शेवटी वळला. हिशेब करून पाहू. ताशी १२० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत जायला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त घेतो. बाजूचा जोर चेंडूच्या वजनाच्या एकतृतीयांश धरला, तर अर्ध्या सेकंदात तो सुमारे ४० सेंटीमीटर सरकतो. पण हे सरकणे वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून निम्म्या वाटेवर तो जेमतेम १० सेंटीमीटर सरकलेला असतो आणि उरलेले ३० सेंटीमीटर दुसऱ्या अर्ध्यात. जोर सुरुवातीपासून तितकाच असतो, पण फलंदाजाने बॅट कुठे न्यायची ते ठरवून झाल्यावर तो दिसायला लागतो. यासाठी शिवण डुगडुगता कामा नये. मनगट चेंडूच्या बरोबर मागे ठेवून बोटांनी त्याला उलटी फिरकी दिली की शिवण स्थिर राहते. कपिलचे मनगट या कामात तरबेज होते.

१९८१च्या फेब्रुवारीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला जिंकायला १४३ हव्या होत्या. मांडीच्या दुखण्याने कपिल चौथ्या संध्याकाळी गोलंदाजीलाच आला नव्हता. पाचव्या दिवशी वेदनाशामक इंजेक्शन घेऊन त्याने २८ धावांत ५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलिया ८३ वर आटोपला. इंजेक्शनने वेदना दबते, फाटलेला स्नायू सांधत नाही. आजचे वैद्यकीय पथक बहुधा त्याला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच ठरेल.

हे सगळे करून तो फलंदाजीला उतरे. अष्टपैलूच्या या बाजूचा विचार कमी होतो. मायकेल लँड आणि पीटर मॅकलिओड यांनी २००० मध्ये फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. फलंदाज चेंडूचा सलग पाठलाग करतच नाही. सुटताना क्षणभर पाहतो आणि मग नजर टप्प्याच्या अंदाजित जागी उडी घेऊन चेंडूची वाट पाहते. चांगल्या फलंदाजाची ही उडी आधी पडते. ताजेतवाने असतानाही हे काम अवघड, मग दिवसभर धावून आल्यावर विचारायलाच नको. टनब्रिज वेल्सला १८ जून १९८३ रोजी ५ बाद १७ वरून कपिलने नाबाद १७५ केल्या हे सारे सांगतात. त्याच दिवशी झिम्बाब्वेचा शेवटचा बळी आपल्याच गोलंदाजीवर झेल घेऊन त्याने मिळवला, हे कमी जण सांगतात.

आज खेळाडूच्या अंगावरच्या यंत्रातून पावले, उड्या, धावण्याचा वेग सगळे मोजले जाते आणि नेटमधले चेंडूही मोजून दिले जातात. तरी वेगवान अष्टपैलू दुर्मीळच आहेत. फलंदाजीच्या बळावर संघात टिकता येत असेल, तर दुखऱ्या पाठीचा खेळाडू साहजिकच गोलंदाजी कमी करतो. मग पाच दिवसांच्या सामन्यात अचानक वीस षटके टाकायची वेळ आली की हाड त्या भाराला सरावलेले नसते. ट्वेंटी-२० मध्ये फार तर चार षटके टाकणाऱ्याची हीच अडचण आहे. तिथून कसोटीकडे यायचे तर आठवड्यागणिक थोडा थोडा भार वाढवत न्यावा लागतो, आणि दोन मालिकांमधली मोकळी जागा आताच्या वेळापत्रकात तितकी उरलेली नाही.