आयती सारणी, कोरी चौकट: सर्वेक्षणाचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये कसे जाऊ लागले

सर्वेक्षणाचा अहवाल हाती येतो तेव्हा त्यात माणसे उरलेली नसतात, सारण्या उरलेल्या असतात. समजा, २०० स्त्रियांपैकी १२४ जणींनी एका प्रश्नाला ‘हो’ म्हटले आणि २०० पुरुषांपैकी १०० जणांनी. हा फरक योगायोगाचा की खरा, एवढेच तपासायचे आहे. त्यासाठी एसपीएसएस हे संख्याशास्त्रीय विश्लेषणाचे सॉफ्टवेअर उघडावे, तर समोर कोरी चौकट येते आणि तिची प्रत्येक ओळ एका प्रतिसादकासाठी राखलेली असते. मग कोणी ४०० ओळी हाताने भरायला बसतो. कोणी १२४, ७६, १००, १०० असे चार आकडे एकाखाली एक टाकतो, आणि सॉफ्टवेअर निमूटपणे त्यांची सरासरी १०० काढून देते.

गंमत अशी की मुळात संख्याशास्त्रच सारणीवर वाढले. कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये मांडलेली, असा फरक योगायोगाचा की खरा हे तपासणारी काय-वर्ग कसोटी मोजलेल्या वारंवारतांवरच चालते. तिला माणसामाणसाची यादी लागत नाही. त्याआधी दोन वर्षे विल्यम शेपर्डने वर्गांतरांत बांधलेल्या आकड्यांवरून विचलन काढताना होणाऱ्या चुकीवर उपाय सांगितला होता: गटाच्या मध्यबिंदूवरून काढलेल्या प्रसरणातून (विचलनाच्या वर्गातून) वर्गांतराच्या रुंदीच्या वर्गाचा बारावा भाग वजा करा. पुढे १९२२ मध्ये रोनाल्ड फिशरने ‘पर्याप्त’ संख्यामानाची, म्हणजे कच्च्या आकड्यांतली सगळी उपयुक्त माहिती सामावणाऱ्या आकड्याची कल्पना मांडली आणि गोषवाऱ्याला तात्त्विक आधार दिला. निरीक्षणे सामान्य वितरणातली असतील, तर संख्या, सरासरी आणि प्रमाण विचलन एवढ्या तिघांत त्या वितरणाच्या प्राचलांबद्दलची, म्हणजे त्याचा आकार ठरवणाऱ्या आकड्यांबद्दलची सगळी माहिती येते. म्हणूनच दोन गटांचे हे सहा आकडे छापलेले असले, तर दोन सरासऱ्यांची तुलना करणारी टी-कसोटी कच्च्या माहितीशिवाय अचूक करता येते.

मग एका ओळीत एक माणूस ही रीत आली कुठून? अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेतून. हर्मन हॉलरिथच्या यंत्रात प्रत्येक माणसाचे एक कार्ड असे, आणि त्यावरच्या भोकांत वय, लिंग, जन्मस्थान. १९२८ मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचे कार्ड आणले आणि पुढची कित्येक दशके माहितीची रुंदी त्याच मापाने मोजली गेली. १९६८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन नाय, हॅडलाय हल आणि डेल बेंट यांनी एसपीएसएस तयार केले. नाय राज्यशास्त्राचा अभ्यासक; त्याला मतदारांच्या प्रश्नावल्या हाताळायच्या होत्या आणि त्या कार्डांवरच पंच होत. साहजिकच एक कार्ड म्हणजे एक नोंद, एक नोंद म्हणजे एक ओळ. एसएएस या दुसऱ्या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये तर आकडे आज्ञावलीतच लिहायचे असतील, तर त्याआधी ‘कार्ड्स’ हा शब्द लिहिला तरी अजून चालतो. कार्डे केव्हाच गेली, शब्द मागे राहिला.

या साच्यात सारणी बसवायची युक्ती साधी आहे. सारणीच्या प्रत्येक खणाला एक ओळ द्यायची: एका रकान्यात लिंग, दुसऱ्यात उत्तर, तिसऱ्यात संख्या. मग या तिसऱ्या रकान्याला भार म्हणायचे. एसपीएसएसमध्ये हे ‘वेट केसेस’ने होते, एसएएसच्या ‘प्रॉक फ्रीक’मध्ये ‘वेट’ विधानाने, स्टाटा या तशाच आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये ‘एफवेट’ने. चार ओळी सॉफ्टवेअरला ४०० माणसे वाटू लागतात. १९८५ मध्ये आलेल्या स्टाटाने आणखी एक सोय केली. माहितीची फाइल न उघडता छापील आकडे थेट आज्ञेतच द्यायचे. ‘टॅबआय’ आणि ‘टीटेस्टआय’ या आज्ञा त्यासाठीच आहेत. ऑकलंडमध्ये जन्मलेल्या ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत सारणी ही स्वतःच एक वस्तू आहे, त्यामुळे चार आकड्यांचा चौकोन थेट कसोटीला देता येतो.

वरच्या उदाहरणात काय-वर्ग ५.८४ येतो. आरमध्ये मात्र ५.३७ दिसेल, कारण दोन बाय दोनच्या सारणीला आर आपणहून काय-वर्ग थोडा कमी करणारी येट्सची दुरुस्ती लावते. यावरून दोन सॉफ्टवेअरांपैकी एक चुकते आहे अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. दोन्ही बरोबर असतात.

खरी फसगत दुसरीकडे होते. अहवालात बहुधा टक्केवारी छापलेली असते: ६२ आणि ५०. तीच भार म्हणून भरली, तर प्रत्येक गट १०० जणांचा ठरतो, काय-वर्ग २.९२ वर घसरतो, आणि ३.८४ ही पाच टक्क्यांची रेषा सहज ओलांडणारा फरक ‘लक्षणीय नाही’ म्हणून निकालात निघतो. उलटी चूक याहून महागाची आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात प्रत्येक कुटुंबाला एक गुणक असतो. ते कुटुंब देशातल्या किती कुटुंबांच्या वतीने बोलते, हे तो सांगतो. हा गुणक वारंवारता म्हणून दिला, की हजारो कुटुंबांचा नमुना कोट्यवधींचा होतो, प्रमाणित चुका (नमुन्यामुळे येणारी अनिश्चितता) नाहीशा होतात आणि काहीही लक्षणीय ठरते. स्टाटाने वारंवारतेचा भार आणि नमुन्याचा भार यांना वेगळी नावे दिली, हे माझ्या मते तिच्या कर्त्यांचे मोठे शहाणपण. एसपीएसएसच्या मूळ संचात दोघांना एकच दार होते आणि त्याने कित्येक प्रबंधांची वाट लावली असणार.

आपल्याकडे सारणीवरून विश्लेषण करणे ही दीर्घकाळ निवड नव्हती, नाइलाज होता. नमुना सर्वेक्षण १९५० मध्ये सुरू झाले, पण बाहेरच्या अभ्यासकाला मिळत ती छापील कोष्टके: दरडोई मासिक खर्चाचे गट आणि प्रत्येक गटात लोकसंख्येचा किती वाटा. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा दारिद्र्यावरचा १९७१ चा गाजलेला अभ्यास अशा कोष्टकांवरच उभा आहे. रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च त्यांनी प्रमाण मानला. १९६०-६१ च्या किमतींत तो खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाला. त्यावरून ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली ठरले. अशा कामात मेख एकच असते. रेषा एखाद्या गटाच्या मधूनच गेली, तर त्या गटातले किती लोक वर आणि किती खाली? ते कोष्टक सांगत नाही. गटाच्या आत लोक कसे पसरले असतील, हे गृहीत धरावे लागते.

हेच गृहीतक नीट सूत्रात बांधायचे काम पुढे सॉफ्टवेअरने केले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक बँकेत शाओहुआ चेन, गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी ‘पॉवकॅल’ हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात माणसांच्या नोंदी भरायच्याच नसत. लोकसंख्येचा वाटा आणि खर्चाचा वाटा गटवार द्यायचा, प्रोग्रॅम त्यावर लॉरेन्झ वक्र (लोकसंख्येच्या किती वाट्याकडे खर्चाचा किती वाटा जातो हे दाखवणारी रेषा) बसवून दारिद्र्याचे प्रमाण काढी. दशकाच्या अखेरीस सरकारचे धोरण बदलले, सर्वेक्षणाची एककस्तरीय (कुटुंबवार) माहिती अभ्यासकांना खुली झाली आणि हा आटापिटा बराच कमी झाला.

तरी सारणीत जे नाही ते कुठलाही भार परत आणत नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या १९७३ च्या प्रवेशांची माहिती आरसोबतच येते: ४,५२६ अर्जदार, सहा विभाग, सगळे मिळून २४ खण. फक्त लिंग आणि निकाल एवढीच सारणी पाहिली, तर पुरुषांचे ४४.५ टक्के आणि स्त्रियांचे ३०.४ टक्के अर्ज मंजूर झालेले दिसतात. विभागही धरला, तर सहापैकी चार विभागांत स्त्रियांचेच प्रमाण जास्त. चार खणांच्या गोषवाऱ्यातून हे कोणाला कधीच कळले नसते, मग त्याने तो सॉफ्टवेअरमध्ये कितीही बिनचूक भरलेला असो.

आता गाडी उलट दिशेनेही धावू लागली आहे. अमेरिकेच्या जनगणना ब्यूरोने २०१० च्या स्वतःच्याच प्रकाशित सारण्या एकत्र सोडवून पाहिल्या, तेव्हा त्यांतून व्यक्तिवार नोंदी पुन्हा उभ्या करता येतात असे आढळले. गोपनीयतेची हमी धोक्यात आली म्हणून २०२० च्या जनगणनेत राज्यांच्या एकूण लोकसंख्येचे आकडे जसेच्या तसे ठेवून खालच्या पातळीवरच्या आकड्यांत ठरवून थोडी गडबड मिसळली गेली. त्यामुळे त्या सारणीतला एखाद्या मोहल्ल्याचा आकडा भाराच्या रकान्यात भरणाऱ्याने तो मोजून आलेला धरायचा नाही. नमुन्याच्या चुकीबरोबर या गडबडीचे प्रसरणही हिशेबात घ्यावे लागते, आणि ‘वेट केसेस’मध्ये त्यासाठी जागाच नाही.