स्वमग्न मुलांमधील चिंता : उपचार, मेंदू व खानदेशातील व्यवहार

स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांची शाळा, झोप, जेवण अडवणारी भीती कमी करण्यासाठीचा मानसोपचार. औषधोपचाराचा विचार या नोंदीत केलेला नाही.

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता) या विकाराच्या संदर्भात वापरला. बालपणीच्या स्वमग्नतेच्या पहिल्या वर्णनाचा मान सामान्यतः लिओ कॅनर (१९४३) यांना दिला जातो. तथापि ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५-२६ च्या सुमारास केलेले सहा मुलग्यांचे वर्णन आजच्या निकषांशी अधिक जुळते, हे अलीकडचे मत ग्राह्य वाटते. चिंतेचा धागा मात्र कॅनरपासून धरणे सोयीचे. त्यांच्या ११ मुलांमध्ये सारे जसेच्या तसे राहावे ही चिंताग्रस्त ओढ आणि व्हॅक्यूम क्लीनरसारख्या आवाजांची धास्ती नोंदलेली आहे. ही भीती स्वमग्नतेचेच अंग, की सोबतचा वेगळा विकार, हा वाद अजून मिटलेला नाही. २०११ च्या एका एकत्रित विश्लेषणानुसार सुमारे ४० टक्के स्वमग्न मुलांत चिंताविकार आढळतो.

या वादाचे उत्तर अमिग्डला या मेंदूतील भीतीशी निगडित, बदामाएवढ्या केंद्रात शोधले जाते. चिंताग्रस्त स्वमग्न मुलांत तो काही अभ्यासांत मोठा, तर काहींत लहान दिसला. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०२२ मध्ये चिंतेचे दोन प्रकार केले, तेव्हा नेहमीच्या चिंताविकारांत उजवा अमिग्डला मोठा, तर स्वमग्नतेशीच निगडित भीतीत तो लहान आढळला. विसंगतीचा हा उलगडा सध्या सर्वांत पटणारा आहे. उपचाराने हा आकार बदलतो, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. कपाळामागील प्रीफ्रंटल भागाची अमिग्डलावरील पकड सुधारत असावी, असा तर्क केला जातो; मुलांवरील असे अभ्यास थोडे व लहान आहेत.

मुख्य उपचार म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांच्या १९६० च्या दशकातील कार्यातून वाढलेली सीबीटी, म्हणजे विचार व वागणूक बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती. अमेरिकेतील १६७ मुलांच्या चाचणीत (२०२०) स्वमग्न मुलांसाठी मुद्दाम बदललेली सीबीटी नेहमीच्या सीबीटीपेक्षा सरस ठरली. चित्रे, मुलाच्या आवडीचा विषय आणि पालकांचा सहभाग ही या बदलाची अंगे.

खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ४० बाबींची भारतीय मोजपट्टी वापरतात. अडचण भाषेची. अहिराणी बोलणारे मूल ‘भेव वाटस’ म्हणण्याऐवजी ‘पोट दुखस’ म्हणते, आणि जंताचे औषध आधी सुरू होते. भीती शून्य ते दहा अशी मोजायला शिकवताना ‘पारा’ हा शब्द कामी येतो. जळगाव-भुसावळच्या मुलाला तो समजावून द्यावा लागत नाही.

भीतीला सामोरे जाण्याचा सराव पायरीपायरीने होतो. लग्नातल्या बँडची भीती असेल, तर आधी मोबाइलवर हळू आवाजात, मग गल्लीच्या टोकावरून, मग मांडवाच्या दारातून. कानबाईच्या रोटांना (खानदेशातील श्रावणातला देवीचा सण) सारी भावकी जमते, तेव्हा कोण येणार, कुठे निजणार, हे चित्रांनी आधीच सांगावे. सरावात मुलाला कान झाकू द्यावेत की नाही, यावर उपचारकांत मतभेद आहेत. आरंभी झाकू द्यावेत, हे मत अधिक व्यवहार्य दिसते.