कार्बन डेटिंगने पृथ्वीचं वय निघत नाही

‘शास्त्रज्ञांनी कार्बन डेटिंग करून पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षं असल्याचं शोधून काढलं.’ शाळेच्या प्रकल्पवह्यांत, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये, अगदी बातम्यांतही हे वाक्य ठाण मांडून बसलंय. आकडा बरोबर आहे, पद्धत साफ चूक. पृथ्वीचं वय निघालं ते युरेनियम-शिसे पद्धतीने. त्यात कार्बनचा काडीचाही वाटा नाही.

कार्बन डेटिंग बहुतेकांना माहीत असतं, तेव्हा थोडक्यात. वैश्विक किरणांमुळे वातावरणात नायट्रोजनपासून कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार सतत तयार होत असतो. झाडं तो हवेतून घेतात, प्राणी खाण्यातून. जीव मेला की आवक बंद होते आणि आतला साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. पन्नास हजार वर्षांच्या आसपास गेलं की मोजण्याजोगं फारसं उरत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतला कोळसा असेल, तर या पद्धतीसारखी पद्धत नाही. पण अख्खी पृथ्वी जरी शुद्ध कार्बन-१४ची बनलेली असती, तरी दहा लाख वर्षांत तिच्यातला बहुधा एकही अणू शिल्लक राहिला नसता. युरेनियम-२३८चं ऱ्हास होत होत शिसं बनतं, आणि ते निम्मं व्हायला मात्र सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात.

बहुतेक लेख इथेच थांबतात: एक घड्याळ छोट्या पल्ल्याचं, दुसरं मोठ्या पल्ल्याचं. हे कुणालाही समजतं. खरा घोळ पुढे आहे. वस्तूला एकच एक वय असतं आणि यंत्रात घातलं की ते बाहेर येतं, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात प्रत्येक पद्धत एका ठरावीक घटनेपासून किती काळ लोटला तेवढंच सांगते. कार्बनसाठी ती घटना म्हणजे जीवाचा मृत्यू. युरेनियम-शिशासाठी, स्फटिक तयार होणं. ही घटना कोणती, हे न विचारता सांगितलेल्या वयाला अर्थच नाही.

अजिंठ्याचं घ्या. ज्या बेसाल्टमध्ये लेणी कोरली, तो लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. कारागिरांनी छिन्नी चालवली तेव्हा त्या खडकातल्या एकाही किरणोत्सारी अणूचा हिशेब बदलला नाही, म्हणून खडक तपासून लेण्याचं वय कधीच मिळणार नाही. पण चित्रांखाली जो मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि गवताच्या काड्या मळलेल्या आहेत. त्या तुसाला कार्बन पद्धत लागू पडते. भात कधी कापला ते कळलं, की गिलावा साधारण कधी लिंपला त्याचा अंदाज येतो. भिंत तीच, पण दोन थरांची दोन वयं, आणि दोन्ही खरी. दगडी मूर्तीचं ‘कार्बन डेटिंग करा’ ही मागणी हल्ली सर्रास होते. दगड कधी जिवंत नव्हता, एवढं लक्षात घेतलं तरी ही मागणी कुणी करणार नाही.

आता युरेनियम-शिसे, माझ्या मते साऱ्या भूविज्ञानातली सर्वांत देखणी पद्धत. झिरकॉन नावाचा स्फटिक शिलारसात घडताना युरेनियमला आपल्या रचनेत जागा देतो, शिशाला जवळपास देतच नाही. म्हणजे आज त्यात सापडणारं शिसं जवळजवळ सगळं युरेनियमच्या ऱ्हासातून तिथेच तयार झालेलं. कार्बन-१४पासून होणारा नायट्रोजन साध्या नायट्रोजनमध्ये मिसळून जातो, त्यामुळे सुरुवातीचा साठा झाडांच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या बाहेरच्या पुराव्यांशी ताडून ठरवावा लागतो. झिरकॉनमध्ये भांडवल आणि वसुली दोन्ही एकाच कणात. वर युरेनियम-२३५ हे दुसरं, सुमारे ७० कोटी वर्षांत निम्मं होणारं घड्याळही त्याच कणात चालू असतं. दोन्हींची उत्तरं जुळली नाहीत, तर बहुधा शिसं मध्येच निसटलंय हे लगेच उघड होतं. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांमध्ये जे लाल पट्टे दिसतात, त्यांतल्या काहींमधून राखेबरोबर आलेले असे झिरकॉन वेचून दख्खनच्या उद्रेकांचा काळ अगदी काटेकोर ठरवला गेला आहे.

पण इथेही तोच प्रश्न: घटना कोणती? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधला सर्वांत जुना झिरकॉन ४४० कोटी वर्षांचा आहे. ते त्या कणाचं वय झालं. पृथ्वी त्याहून जुनी असणार एवढंच त्यावरून कळतं. ‘सर्वांत जुना खडक सापडला, म्हणजे पृथ्वीचं वय सापडलं’ हा गैरसमज कार्बनवाल्या गैरसमजाचा सख्खा भाऊ. सुरुवातीचा पृष्ठभाग वितळून, झिजून, पोटात जाऊन कधीच नाहीसा झालाय.

म्हणून अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन उल्कांकडे वळले. ॲरिझोनात पडलेल्या कॅन्यन डायब्लो या लोहउल्केतल्या लोह-सल्फाइडमध्ये युरेनियम नगण्य, त्यामुळे त्यातलं शिसं सूर्यमाला घडताना होतं तसंच राहिलेलं. पाषाणउल्कांमध्ये युरेनियम असल्याने शिशात भर पडत गेली. पॅटरसन यांनी या सगळ्यांतली शिशाच्या समस्थानिकांची (म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या शिशाच्या अणूंची) गुणोत्तरं आलेखावर मांडली, तर ती एका सरळ रेषेवर आली. रेषेच्या उताराने वय दिलं: ४५५ कोटी वर्षं, सात कोटी इकडे-तिकडे. पृथ्वीवरच्या समुद्रतळाच्या गाळातलं शिसंही त्या रेषेशी जुळलं, म्हणजे पृथ्वी आणि उल्का एकाच मूळ द्रव्यातून आलेल्या. हे १९५६ साली. त्याआधी त्यांची कित्येक वर्षं हवेतलं शिसं नमुन्यात मिसळू नये म्हणून प्रयोगशाळा स्वच्छ करण्यातच गेली होती.

तरीही ४५५ कोटी म्हणजे पृथ्वी पूर्ण घडून तयार झाल्याचा दिवस नव्हे. उल्कांमधले सर्वांत जुने कण सुमारे ४५६.७ कोटी वर्षांचे आहेत, आणि त्यानंतर पृथ्वी गोळा होत गेली ती काही कोटी वर्षं. कुठे ४५४ तर कुठे ४५७ वाचायला मिळतं ते बरेचदा यामुळेच: मोजणी वेगवेगळ्या घटनांपासून सुरू होते.