डाउनटाउन

डाउनटाउन म्हणजे शहरातला व्यापार, कचेऱ्या आणि सार्वजनिक इमारतींची दाटी असलेला जुना गाभा. ही संज्ञा मुख्यतः अमेरिका व कॅनडात रूढ आहे. मराठीत तिचा अर्थ सहसा ‘शहराचा मध्य’ असा सांगतात, तो अपुरा आहे. डाउनटाउन नकाशाच्या मधोमध असतेच असे नाही. बंदराच्या शहरांत ते बऱ्याचदा पाण्याच्या कडेला असते.

याचे कारण मॅनहॅटन बेटाच्या भूगोलात सापडते. सतराव्या शतकात डचांनी या बेटाच्या दक्षिण टोकाला न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे पुढचे न्यूयॉर्क, वसवले. दोन्ही अंगांना नद्या असल्याने शहर वाढले ते उत्तरेकडे. ऐपतदार कुटुंबे उत्तरेला राहायला गेली. पेढ्या, वखारी, धक्के जुन्या टोकालाच राहिले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात ‘डाउनटाउनला जाणे’ म्हणजे कामधंद्याला जाणे असा अर्थ रुळला. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या पाट्यांवर आजही अपटाउन म्हणजे उत्तर आणि डाउनटाउन म्हणजे दक्षिण.

इतर शहरांनी शब्द उचलला, दिशा सोडून दिली. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र अप आणि डाउन मिसिसिपीच्या प्रवाहावरून ठरतात. शिकागोत या भागाला ‘लूप’, तर फिलाडेल्फियात ‘सेंटर सिटी’ म्हणतात. ब्रिटनमध्ये ‘सिटी सेंटर’ चालते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी, महामार्ग आणि उपनगरांतले मॉल यांनी अनेक डाउनटाउनांचा जीव काढून घेतला. डेट्रॉइटमधले हडसन्स हे अवाढव्य बहुमजली दुकान १९८३ मध्ये बंद पडले आणि १९९८ मध्ये सुरुंग लावून पाडले गेले. पुढे बऱ्याच शहरांनी रिकाम्या कचेऱ्या आणि गोदामांत घरे करून माणसे परत आणली. गाभ्यात राहती वस्ती हवीच, हे त्यांना फार उशिरा पटले.

मुंबईत हा शब्द फारसा वापरात नाही. उपनगरांतले लोक दक्षिण मुंबईला ‘टाउन’ म्हणतात. फोर्ट हा तिचा जुना व्यापारी भाग, जिथली तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेली. तेही बेटाच्या दक्षिण टोकाकडेच. पण चर्चगेटकडे जाणारी लोकल मात्र रेल्वेच्या भाषेत ‘अप’ असते.