इंडियाचा फुलफॉर्म नसते राजेहो

पंधरा ऑगस्ट जवळ आला की व्हॉट्सॅपवर तो मेसेज फिरतेच, इंडिया म्हणजे 'इंडिपेंडंट नेशन डिक्लेअर्ड इन ऑगस्ट'. आमच्या गावच्या ग्रुपवर चांगले शिकलेसवरलेले लोक टाकतात अन् खाली अंगठ्यांची रांग लागते. आता मले सांगा, ईस्ट इंडिया कंपनी 1600 सालीच निघाली, तवा त्यायले 1947 चा ऑगस्ट दिसला होता काय?

नाव आलं सिंधू नदीवरून, हे शाळेत सांगतात. पण सिंधूचं हिंदू होताना 'स'चा 'ह' काहून झाला हे कोणी सांगत नाही, अन् खरी मजा तिथंच हाय. 'स' म्हणून पाहा. जिभेचं टोक वरच्या दातामागं हिरडीजवळ जाते, मधात बारीक फट राहते अन् हवा त्यातून घासत निघते. आता हवा तशीच सोडा पण जीभ खालीच पडू द्या, उरते तो नुसता 'ह'. म्हणजे 'ह' हा कामचुकार 'स' समजा. जुन्या इराणी भाषांत हे मोठ्या प्रमाणात झालं, आपला सोम तिकडं हओम, असुर तो अहुर, सप्तसिंधू तो हप्तहिंदू. बचतगटाचा हप्ता भरतो ना आपण, तोबी फारसीतला 'सात'च, सप्ताहाचा चुलतभाऊ. पण 'स'च्या पुढं 'त' असला तर 'स' टिकते, संस्कृत 'अस्ति' फारसीत 'अस्त' राहिलं, 'त'साठी जिभेले वर जाच लागते. अन् 'ध'चा 'द' झाला कारण इराणीत हे महाप्राण व्यंजनं, म्हणजे 'ध', 'भ'सारखे हवेच्या जोरानं म्हणायचे, उरलेच नाही.

दारयवहु, म्हणजे इराणचा डरायस राजा, याच्या तिकडच्याच नक्श-ए-रुस्तमच्या शिलालेखात, इ.स.पू. 500 च्या आसपास, ताब्यातल्या मुलखांच्या यादीत 'हिंदुश' लिहेल हाय. शेवटचा 'श' म्हणजे आपल्या 'सिंधुः'चा विसर्ग.

याच डरायसच्या राज्यात आशिया मायनरच्या, म्हणजे आताच्या तुर्कस्तानच्या, किनाऱ्यावरचे आयोनियन ग्रीक होते, अन् त्यायच्या बोलीत 'ह'बी गळाला होता. झालं, नदी 'इंदोस' अन् देश 'इंदिया', तिथून लॅटिन, मग इंग्रजी. म्हणून इंग्रजायनं हे नाव ठेवलं म्हणणारेबी चुकतात. अरबायनं 'ह' ठेवला, ते अल-हिंद म्हणतात.

इंडोनेशियातला 'इंडो'बी हाच. 'नेसोस' म्हणजे ग्रीकमधी बेट, अन् हे नाव 1850 च्या सुमारास ब्रिटिश अभ्यासकायनं जुळवलं, सिंधू तिथून हजारो किलोमीटर दूर असूनबी.