क्युप्रस ब्रोमाइड हिरवं पडलंय? बाटली परत पाठवायच्या आधी हे वाचा

पावसाळा लागला की आमच्या कुपवाडच्या गाळ्यात एकच फोन येतो, क्युप्रस ब्रोमाइडची (तांब्याचं पांढरं मीठ, रिॲक्शन चालवणारा कॅटॅलिस्ट) पावडर हिरवी पडली, रिॲक्शन सुरूच होत नाही, माल खराब दिलात. माल इथून पांढरा निघतो, नायट्रोजन भरून, सील लावून.

चूक बहुतेक वेळा एकच असते. बाटली फ्रिजमधून काढायची आणि गार असतानाच उघडायची. सांगलीची जुलैतली दमट हवा आत शिरते, पावडरीला दंव धरतं, आणि ओल आली की ऑक्सिजन पावडरीतल्या कॉपर वनचं (एक धनभाराचं तांबं) कॉपर टू (दोन धनभाराचं, हिरवट) करून टाकतो. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तांब्याचाच गुण तो. त्यात झाकण बाजूला ठेवून निवांत वजन चालू, मधेच चहा. फ्रिजची गरजच नाही हो, अंधारात डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. ठेवलीच फ्रिजमध्ये तर तासभर बाहेर राहू द्या, मग उघडा.

रंगाचं एवढं कशाला, तर कार्बन-ब्रोमिन बाँडमधला ब्रोमिन ओढायचं काम कॉपर वनचं, ओढला की तो स्वतः कॉपर टू होतो. मागं राहिलेला रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेला तुकडा) डबल बाँडवर जाऊन बसतो, नवा कार्बन-कार्बन बाँड होतो, मग कॉपर टू ब्रोमिन परत देऊन पुन्हा कॉपर वन होतो, म्हणून तर चिमूटभर पुरतं. १९९५ साली रसायनशास्त्रज्ञ मातियाशेव्स्कींनी हेच चक्र पॉलिमर (लांब साखळीचे रेणू) बनवायला लावलं. सगळंच कॉपर टू झालं तर पहिला ब्रोमिन ओढणार कोण?

आणि फ्लास्कात हवा राहिली तर ऑक्सिजन रॅडिकललाच आधी गाठतो, मग पावडर कितीही पांढरी असू दे. अर्धा तास नायट्रोजन सोडून नंतर कॅटॅलिस्ट टाकायला बूच काढणारेही बघितलेत आम्ही.

थोडी हिरवट झाली तर फेकू नका. ग्लेशियल (बिनपाण्याच्या) ॲसिटिक ॲसिडमध्ये ढवळा, गाळा, पांढरी होईपर्यंत परत करा, मग इथेनॉल, शेवटी ईथर, आणि व्हॅक्युमखाली वाळवा. ईथरजवळ बर्नर नको, हे सांगायला लागतंय.

एवढी झंझट नको असेल तर क्युप्रिक ब्रोमाइड (आधीच कॉपर टू असलेलं) न्या, लिगँडसोबत (तांब्याला धरून ठेवणारा रेणू) घाला आणि ॲस्कॉर्बिक ॲसिडनं, म्हणजे व्हिटॅमिन सीनं, कॉपर वन फ्लास्कातच तयार करा. दोन्ही ठेवतो आम्ही.

१० ग्रॅमची बाटली महाग पडते म्हणता, पण अर्धा किलोची रोज उघडून वर्षभर पुरवण्यापेक्षा ती स्वस्तच. सील न फोडलेली बाटली हिरवी निघाली तर बॅच नंबर दिसेल असा फोटो पाठवा, बदलून देऊ. फोडलेली बदलून मिळत नाही.